इर्मा ड्राहोस आणि अडकलेली फांदी

इर्मा ड्राहोस घाबरलेली आमच्या गल्लीत कुणी पाहिली नव्हती. तिनं आयुष्यभर शाळेची बस चालवली. एकदा बर्फात बस घसरून चारीत गेली, तर हिनं मागच्या पोरांना मोठ्यानं गाणी म्हणायला लावली आणि स्वतः फावडं घेऊन खाली उतरली. माझी दोन्ही मुलं तिच्याच बसनं शाळेत गेली. समोरच्या आरशातून ती मागं बघायची ना, त्या नुसत्या नजरेनं शेवटच्या बाकावरचं पोरगं तोंडातला च्युइंगगम गिळून टाकायचं.

तिचा नवरा लेनर्ड त्याच शाळेचं मैदान सांभाळायचा. गवत कापायचं, बेसबॉलच्या पांढऱ्या रेषा आखायच्या, पानगळ सुरू झाली की दाताळं घेऊन दिवसभर पानं ओढायची. गवतावर काडी पडलेली त्याला खपायची नाही. मयताला गेला तरी बोलता बोलता वाकायचा, काडी उचलायचा आणि कोटाच्या खिशात टाकायचा. इर्मा म्हणायची, "याच्या कोटाला इस्त्री करायची तर आधी खिशात विस्तव नाही ना लागणार, हे बघावं लागतं."

आमच्या गावाला मोठं वादळ झोडपून गेलं, त्याआधीची दोनेक वर्षं मात्र त्याचं डोकं त्याला सोडून चाललं होतं. आधी माणसांची नावं गेली, मग गावातले रस्ते, मग सकाळी काय खाल्लं ते. हात मात्र काही विसरले नव्हते. दाताळं दिलं की ते पूर्वीसारखेच चालायचे. इर्मा हे कुणाजवळ बोलत नसे. विचारलं तर म्हणायची, "वय झालं. तुझंही होईल."

त्या ऑगस्टमध्ये वादळ आलं ते भर दुपारी. मी घराच्या बाजूच्या खोलीत लोकांचे केस कापते. खुर्चीत एक बाई बसली होती आणि तिचे अर्धे केस कापून झाले होते. आकाश एकाएकी हिरवट काळं पडलं, भोंगा वाजला, आणि आम्ही दोघी कात्री-कंगव्यासकट तळघरात पळालो. वर मालगाडी घरावरून चालल्यासारखा आवाज येत राहिला. थांबेचना. वर आलो तेव्हा गाव ओळखू येत नव्हतं. रस्ता कुठं आणि अंगणं कुठं, काही कळायला मार्ग नव्हता, जिकडंतिकडं नुसती झाडं आडवी. आमचा मेपल गॅरेजवर निजला होता. वीज गेली ती बरेच दिवस आलीच नाही. लोक फ्रीजमधलं सगळं मांस रस्त्यावर आणून भाजत होते आणि येईल-जाईल त्याला बोलावून खायला घालत होते.

शेजारचं ड्राहोसांचं घर वाचलं. घरामागचा ओक मात्र अर्धा फाटला होता. दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असा त्याचा बुंधा. त्याची पिंपाएवढी जाड एक फांदी वरून मोडली, खाली येता येता मधल्या बेचक्यात अडकली आणि उलटी लटकत राहिली. वरच्या टोकाला सालीची एक पट्टी तेवढी धरून होती. इथले लाकूडतोडे अशा फांदीला 'विधवा करणारी' म्हणतात. ती आज पडेल, नाहीतर वर्षभर पडणार नाही. कुणी सांगू शकत नाही.

आणि तिच्या बरोब्बर खालून लेनर्डच्या शेडकडं जाणारी पायवाट होती.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून पाहिलं, तर लेनर्ड त्या फांदीखाली उभा राहून काड्या गोळा करत होता. इर्मा घरातून धावत आली आणि तिनं त्याला दंडाला धरून बाजूला ओढलं.

"वर बघ की जरा! काय लटकतंय ते दिसत नाही?"

"अरे देवा!" लेनर्ड वर बघून म्हणाला. "हे कुणी मोडलं?"

"वाऱ्यानं मोडलं. काल वादळ झालं. इथं यायचं नाही. कळलं?"

"कळलं म्हणजे काय! इथं तर कुणीच येता कामा नये." तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

थोड्या वेळानं तो पुन्हा तिथंच. वर बघून पुन्हा तसाच चकित झाला, "हे कुणी मोडलं?"

इर्मानं मागच्या दाराला कडी घातली, तर तो पुढच्या दारानं निघून घराला वळसा घालून आला. तिनं झाडाभोवती पिवळी फीत बांधली, तर त्यानं ती कचरा समजून सोडली आणि नीट गुंडाळून तिच्या हातात आणून दिली. माझ्या नवऱ्यानं, वेननं, फळीवर लाल रंगानं 'धोका' लिहून ती तिथं ठोकली. लेनर्डनं फळी वाचली, जरा तिरकी होती ती सरळ केली आणि पुढं गेला.

आम्ही हसलो. इर्माही हसली. पण तिच्या ओठांवरचं ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

झाडं कापणारा थरगुड गावाबाहेर राहायचा. फोन बंद होते, म्हणून इर्मा स्वतः त्याच्याकडं गेली. मी बरोबर होते. तो बिचारा कित्येक रात्री झोपलेला नसावा, डोळे तांबडे, दाढी वाढलेली.

"घरावर पडलंय?" त्यानं विचारलं.

"नाही. लटकलंय."

"विजेच्या तारांवर?"

"नाही. परसात."

"मग मॅडम, खरं सांगतो, राग मानू नका. लोकांच्या बैठकीच्या खोलीत झाडं आहेत. एका म्हातारीच्या पलंगावर आहे. क्रेन माझ्याकडं एकच. तुमचा नंबर लागायला वेळ लागेल."

"खाली माझा नवरा असतो."

"त्यांना सांगा, तिकडं जाऊ नका."

"सांगते. सारखी सांगतेच आहे."

"मग झालं तर," थरगुड म्हणाला आणि दुसऱ्या माणसाकडं वळला.

गाडीत बसल्यावर मी म्हणाले, "लेनर्डचं सांगायचंस ना त्याला."

"काय सांगू, ट्रूडी? नवऱ्याचं डोकं चालत नाही म्हणून गावभर दवंडी पिटू? या माणसाचा पोरगा लेनर्डनं आखलेल्या मैदानावर खेळला."

तिची मुलगी कोलीन डेन्व्हरला असते. तिचा फोन कसाबसा लागला. ती म्हणाली, झाड निघेपर्यंत दोघं इकडंच या. इर्मानं नाही म्हटलं. मागच्या नाताळात तिथं गेले होते, तेव्हा परक्या घरात लेनर्डला काही उमजेना आणि तो पहाटे पायात नुसते मोजे घालून रस्त्यावर निघून गेला होता. "इथं मला निदान एवढं माहीत आहे की तो कुठं सापडेल," इर्मा म्हणाली. "फांदीखाली."

एके दिवशी परराज्यातले दोघं जण पिकअप घेऊन दारात आले. शिडी होती, करवत होती, टोपीवर नाव ना गाव. आत्ताच्या आत्ता उतरवून देतो म्हणाले. एरवी इर्मानं त्यांना फाटकही ओलांडू दिलं नसतं. पण तिला झोप नव्हती. ती हो म्हणाली. त्यातल्या एकानं शिडी त्या फाटलेल्या बुंध्याला लावली आणि चढायला लागला, तेवढ्यात कुठूनसा लेनर्ड आला आणि दोन्ही हातांनी शिडी धरून खाली उभा राहिला. शिडीला कुणीतरी धरलंच पाहिजे, ही त्याची जन्माची सवय.

"उतर!" इर्मा अशी ओरडली की मी माझ्या अंगणात दचकले. "उतर खाली! करायचं नाही मला काही! जा!"

"अहो बाई, आत्ताच तर हो म्हणालात—"

"आता नाही म्हणते. चालते व्हा!"

ते शिव्या घालत गेले. इर्मा पायरीवर बसली. लेनर्ड तिच्याजवळ येऊन बसला. "कोण होते गं ते? चांगली माणसं दिसत होती," तो म्हणाला.

त्यानंतर तिला उपाय सुचला. काड्यांसाठीच हा मागं जातो ना, मग काड्या पुढं आणू. सकाळी लेनर्ड उठायच्या आत ती आसपासच्या पडक्या फांद्या ओढून पुढच्या अंगणात टाकू लागली. त्याला छोटी करवत दिली. तो खूश. फांद्या एका मापाच्या कापायचा, जाड बुडखे एकीकडं, शेंडे एकीकडं, आणि रस्त्याच्या कडेला अशी रास लावायचा की बघत राहावं. इर्मा पायरीवर मक्याची कणसं सोलत बसायची. तिची नजर त्याच्यावर, कान मागच्या ओकावर.

तिच्या फांद्या संपायला आल्या तेव्हा वेननं आमच्या मेपलच्या फांद्या तिथं नेऊन टाकल्या. कुणी काही ठरवलं नव्हतं. पलीकडचे लोक पाहत होते, त्यांना कळलं. मग जो तो आपल्या फांद्या हातगाडीवर घालून लेनर्डच्या अंगणात आणू लागला.

"लेनर्ड, हे घ्या. आम्हाला काही तुमच्यासारखं रचता येत नाही."

"कसं येणार? तुम्ही नुसतं फेकता," तो म्हणायचा. "इकडं आणा."

नगरपालिकेचा ट्रक आला, लोखंडी पंज्यानं ती रास उचलून घेऊन गेला. मला वाटलं, आता याला वाईट वाटेल. पण त्यानं ड्रायव्हरला हात केला आणि मोकळी जागा दाताळ्यानं साफ करून टाकली. पुढच्या राशीसाठी.

असे बरेच दिवस निघाले. इर्माच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. स्वयंपाकघरात तिनं बसमधला जुना आरसा लावला होता, भांडी धुताना पाठीमागचं दार दिसावं म्हणून. जरा वारा सुटला की ती हातातलं काम टाकून उभी राहायची. बोलता बोलता मध्येच थांबायची. "करकरलं का गं?" विचारायची. मी म्हणायचे, नाही. कधी कधी खरंच करकरलेलं असायचं.

आणि मग फांद्या संपल्या. गल्ली साफ झाली, शेजारच्या गल्ल्याही साफ झाल्या. वेन लांबून, नदीकडून थोड्या घेऊन आला, त्याही लेनर्डनं एका दुपारी संपवल्या. लोकांनी अंगणं साफ झाली म्हणून देवाचे आभार मानले. इर्मा रिकाम्या अंगणाकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून वारा होता. फार नाही, पण एकसारखा. वीज आली होती, म्हणून माझं काम सुरू झालं होतं. मी खोली झाडत होते. खिडकीतून सहज पाहिलं आणि हातातला झाडू तसाच राहिला. लेनर्ड ओकाखाली होता. शांतपणे दाताळं ओढत होता. त्याच्या डोक्यावर ती फांदी हलत होती, दार उघडं राहिल्यावर हलतं तशी, जरा इकडं, जरा तिकडं.

मी खिडकी वर सरकवून ओरडले, "लेनर्ड! बाजूला व्हा!"

त्यानं माझ्याकडं पाहिलं, हसून हात हलवला आणि तिथंच उभा राहिला.

माझा आवाज ऐकून इर्मा बाहेर आली. टेबलावर डोकं टेकून तिचा डोळा लागला होता. गालावर मेजपोशाची नक्षी उमटलेली मला इथून दिसत होती. तिनं मला हातानं गप्प राहायला सांगितलं. ओरडलं की लेनर्ड जागच्या जागी थिजतो, हे तिला ठाऊक होतं. ती चालत निघाली. धावली नाही. पायवाटेनं सरळ फांदीखाली गेली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"लेनर्ड, चल, कॉफी केलीय."

तो हलला नाही. तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं वर पाहिलं. त्याचा चेहरा बदलला. शाळेच्या मैदानावर पोरं रोलरजवळ गेली की व्हायचा, तसा झाला.

"बाई, तुम्ही इथं काय करताय?" तो म्हणाला. "वर बघा. ती फांदी सुटलीय. ती कुणाची वाट बघत नसते."

लग्न झाल्यापासून त्यानं तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. वर करकर वाजलं. सालीचे बारीक तुकडे तिच्या केसांवर पडले.

"मला दिसलं नाही हो," इर्मा म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, रस्ता विचारावा तसा. "आता भीती वाटतेय. मला बाहेर काढता का?"

"घाबरू नका. माझा हात धरा. पायाखाली बघा, काड्या आहेत. वर मी बघतो."

त्यानं दाताळं खाली ठेवलं, तिचा हात आपल्या दंडात अडकवला, आणि दुसरा हात तिच्या डोक्यावर आडवा धरून तिला हळूहळू बाहेर आणलं. माझ्या कुंपणापर्यंत. मी तोवर बाहेर आले होते.

"या बाईंना जरा बसायला द्या," लेनर्डनं मला सांगितलं. "फार घाबरल्यात. आणि लोकांना सांगा, इकडं कुणी फिरकू नका."

मी दोघांना माझ्या खोलीत आणलं. लेनर्डला केस कापायच्या खुर्चीत बसवलं, खांद्यावर कापड टाकलं. कापड टाकलं की तो स्वस्थ बसतो. इर्मा भिंतीशी उभी होती. मला वाटलं, आता ही कोसळणार. ती म्हणाली, "याचे केस सावकाश काप. मी जाऊन येते."

"कुठं?"

"थरगुडकडं. गेल्या वेळी मी त्याला अर्धंच सांगितलं."

ती काय बोलली ते मला नंतर थरगुडनंच सांगितलं. तो एका छपरावर होता. ही शिडीच्या तळाशी उभी राहून सगळ्या मजुरांसमोर, रस्त्यावरच्या लोकांसमोर मोठ्यानं म्हणाली, "माझ्या नवऱ्याच्या काहीच लक्षात राहत नाही. फांदी लटकतेय हे मी त्याला सांगते आणि तो विसरतो. आज तो मलाही विसरला. मी त्याला कायम धरून ठेवू शकत नाही. मी थकले."

थरगुड खाली उतरला. "लेनर्ड? मैदानवाला लेनर्ड?" एवढंच त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीच्या कामांच्या आधी क्रेन आली. आम्ही लेनर्डला समोरच्या घरी नेऊन बसवलं होतं. इर्मा माझ्या खिडकीशी उभी होती, माझं मनगट घट्ट धरून. क्रेनच्या पाळण्यातून एक माणूस वर गेला, त्यानं फांदीभोवती पट्टा टाकला आणि अजून तो आवळतोय तोच ती साल तुटली. कसला मोठा आवाज नाही, कापड फाटावं तसा. सगळा भार क्रेनवर आला. क्रेन खाली वाकली, फांदी गरकन फिरली, पाळण्यातला माणूस मागं झुकला. मग सगळं स्थिर झालं. त्यांनी ती हळूहळू पायवाटेवर आणून टेकवली, दाताळं पडलं होतं तिथंच. जमीन हादरल्याचं मला खोलीतल्या फरशीतून कळलं.

"येझिश मारिया," इर्मा पुटपुटली. तिची आई चेक भाषेत देवाचा धावा करायची तसं. मग माझ्या हाताकडं तिचं लक्ष गेलं. तिच्या बोटांचे वळ उठले होते. "अगं, बोलायचंस ना," ती म्हणाली.

थरगुडनं झाडाला खालपासून वरपर्यंत निरखलं. बुंधा फाटलाय पण आतून कुजलेला नाही, फाटलेली बाजू उतरवली तर उरलेला ओक राहील, असं तो म्हणाला. इर्मा म्हणाली, "राहू दे." त्या दिवशीचे ओंडके त्याच्या माणसांनी नेले नाहीत, लेनर्डसाठी पुढच्या अंगणात ठेवले. त्यानं ते पानगळीपर्यंत पुरवले.

तो हिवाळा लेनर्ड घरीच होता. कधी इर्माला ओळखायचा, कधी 'तुम्ही' म्हणायचा. 'तुम्ही' म्हणायचा त्या दिवशी तो फार अदबीनं वागायचा, तिच्यासाठी दार उघडून धरायचा. एकदा तिला म्हणाला, "तुमच्या घरी काळजी करत असतील." इर्मा म्हणाली, "करतात हो. सारखी करतात." वसंतात त्याचे पाय गेले, आणि कोलीन आल्यावर दोघींनी मिळून त्याला गावातल्याच वृद्धाश्रमात ठेवलं. इर्मा रोज जाते. तिथल्या लोकांनी त्याची खुर्ची खिडकीशी ठेवली आहे, कारण समोरच्या गवताकडं बघत तो शांत बसतो.

मला वाटलं होतं, फांदी गेली तशी इर्माची भीतीही जाईल. तसं झालं नाही. आता परसात लटकणारं काही नाही, घरात धरून ठेवायला कुणी नाही, तरी वारा सुटला की ती माझ्याकडं येते. मी कुणाचे केस कापत असले तर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहते. मासिक चाळते, पण पानं उलटत नाही. मग उठते आणि वृद्धाश्रमात फोन लावते. त्यांना तिचा आवाज ओळखीचा आहे. काय विचारणार तेही माहीत आहे.

"आत आहे, इर्मा," पलीकडची मुलगी सांगते. "लेनर्ड आतच आहे. आत्ताच त्यांनी सूप घेतलं."

"बरं," इर्मा म्हणते, आणि फोन ठेवल्यावरही जरा वेळ खिडकीशीच उभी राहते.